वाचक विचारतात : ‘क्यूलॉते’ म्हणजे धीट की आगाऊ?

मागच्या अंकात पोशाखावरून आलेल्या फ्रेंच शब्दांबद्दल लिहिताना एक ओळ अशी होती : ‘क्यूलॉत’ म्हणजे तुमान किंवा चड्डी, आणि त्यावरून ‘क्यूलॉते’ म्हणजे धीट. त्या एका ओळीवर बरीच पत्रं आली. ओळ अपुरी होती आणि तिचा उत्तरार्ध चुकीचा होता, म्हणून हे सदर सगळंच त्या शब्दाला दिलं आहे.

फ्रेंच-इंग्रजी शब्दकोशात ‘क्यूलॉते’समोर चीकी, डेअरिंग, ब्रेझन, नर्व्ही, सॅसी असे पाच-सहा शब्द ओळीनं दिलेले असतात. भाषांतर करताना त्यातला कुठला घ्यायचा?
— भाषांतराची विद्यार्थिनी, पुणे

ते शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत, हे आधी धरून चाला. फ्रेंच शब्दाच्या पोटात दोन गोष्टी एकत्र नांदतात : इतर जण जे करायला कचरतात ते करणं, आणि ते करताना समोरच्याची भीड न ठेवणं. पहिल्या गोष्टीचं कौतुक होतं, दुसरीचा राग येतो. फ्रेंच बोलणारा एकाच शब्दात दोन्ही म्हणून मोकळा होतो. इंग्रजीत लिहिणाऱ्याला बाजू घ्यावीच लागते.

बाजू ठरवण्यासाठी विशेषण कशाला लागलं आहे ते आधी बघा. निर्णय, पैज, जाहिरात, इमारतीचा आराखडा अशा गोष्टीला लागलं असेल तर बहुतेक वेळा कौतुक असतं. ‘अँ पारी क्यूलॉते’ म्हणजे ‘अ बोल्ड गॅम्बल’. जाहिरात खट्याळ असेल तर ‘चीकी’, गंभीर असेल तर ‘डेअरिंग’.

माणसाला लागलं की जपून. वाक्य छोटं आणि उद्गाराचं असेल, म्हणजे ‘इल ए क्यूलॉते, ल्वी!’ (‘आगाऊच आहे हा!’) असं, तर ती तक्रार असते. इथे बहुतेक नवे भाषांतरकार अडखळतात, कारण ते विशेषणाला विशेषणच शोधत बसतात. इंग्रजी माणूस असा चिडला की सहसा नाम वापरतो : नर्व्ह, चीक, गॉल. म्हणून ‘ही इज चीकी’ असं न लिहिता ‘ही हॅज गॉट अ नर्व्ह’ लिहा. ‘इल फो एत्र क्यूलॉते पूर...’ अशी सुरुवात असेल तर ‘इट टेक्स सम नर्व्ह टू...’ घ्या, या एका रचनेत इंग्रजीतही कौतुक आणि राग दोन्ही शाबूत राहतात, त्यामुळे संदर्भ धूसर असेल तेव्हा ती फार कामाची आहे.

एकच जागा दोनदा बघू. पॅरिसमधल्या बेकरीत एक जण रांग मोडून पुढे घुसतो, शेवटचा लांब पाव उचलतो आणि वर तुमच्याकडेच सुट्टे मागतो. तुम्ही म्हणता, ‘केल क्यूलो!’, म्हणजे ‘काय हा आगाऊपणा!’ इंग्रजीत ‘व्हॉट अ नर्व्ह!’ त्याच बेकरीत कामाला लागून आठवडाही न झालेली मुलगी मालकाला सांगते की तुमच्या पावात मीठ जास्त पडतंय. मालक भट्टीकडे बघत, ओठ दुमडून म्हणतो, ‘एल ए क्यूलॉते.’ इंग्रजीत ‘शी हॅज गॉट गट्स’. पण मालकाची बायको तेच वाक्य भुवया उंचावून म्हणाली तर ‘द चीक ऑफ हर!’ शब्द तोच, मुलगी तीच. बोलणारं तोंड बदललं की इंग्रजी बदललं.

आता एकेका इंग्रजी शब्दाचे खाचखळगे.

‘चीकी’ ब्रिटनमध्ये रोजचा आणि हलका आहे. अमेरिकी पात्राच्या तोंडी घातला तर ते पात्र लंडनहून आल्यासारखं वाटतं. ‘नर्व्ही’ सगळ्यात धोकादायक. अमेरिकेत त्याचा अर्थ आगाऊ, धीट. ब्रिटनमध्ये धास्तावलेला, कावराबावरा. म्हणजे अर्ध्या वाचकांना नेमकं उलटं कळणार. प्रकाशक कुठला आहे हे माहीत नसेल तर हा शब्द वापरूच नका. ‘सॅसी’ बायका आणि मुलांपुरताच वापरला जातो आणि त्यात वरून थोपटल्याचा भाव येतो. पन्नाशीच्या न्यायाधीश बाईंना फ्रेंच वार्ताहर ‘क्यूलॉते’ म्हणाला असेल, तर ‘सॅसी’ लिहिणं हा त्यांचा अपमान आहे. ‘बॉल्झी’चा अर्थ बरोबर जमतो, पण तो शब्द अंडकोषांवरून आला आहे आणि छापील मजकुरात असभ्य वाटतो; ‘क्यूलॉते’ बोलीतला असला तरी असभ्य नाही. तिथे ‘गट्सी’ घ्या. आणि आयर्लंडमध्ये लहान मुलाला ‘बोल्ड’ म्हटलं तर अर्थ ‘खोडकर’ होतो.

‘ब्रेझन’ मुळात पितळी. ‘ब्रास’वरून आलेला, म्हणजे पितळेसारखा निबर चेहरा ठेवणारा, लाज सोडलेला. हा दोष दाखवणारा शब्द कौतुकाला कसा वापरता येतो याचं उत्तम उदाहरण पेनेलोप बाजियू यांच्या चित्रकथांचं आहे. स्वतःच्या मनाप्रमाणे जगलेल्या स्त्रियांची छोटी चरित्रं त्यांनी २०१६ मध्ये ‘क्यूलॉते’ याच शब्दाच्या स्त्रीलिंगी अनेकवचनी रूपाच्या नावानं प्रसिद्ध केली. २०१८ मध्ये इंग्रजी आवृत्ती आली तिचं नाव ‘ब्रेझन’. फ्रेंच नावात ऐकू येणारी चड्डी इंग्रजीत गेली, पण ‘लाज सोडलेल्या’ हा समाजानं मारलेला शिक्का अभिमानानं कपाळी लावण्याचा भाव टिकला. ‘बोल्ड’ घेतलं असतं तर तोही गेला असता. आम्हाला ही निवड अचूक वाटते.

मराठीतही अनुवाद करत असाल तर ‘धीट’ आणि ‘आगाऊ’ ही दोन टोकं झाली. कौतुकाला ‘छाती लागते’, रागाला ‘तोंड वर करून’. पण दोन्ही सूर सांभाळणारा शब्द बोलीत आहे, तो म्हणजे ‘डेरिंग’. ‘काय डेरिंग आहे रे त्याची!’ हे वाक्य कौतुकानं म्हणा किंवा चिडून, दोन्हीकडे लागू पडतं. इंग्रजी ‘डेअरिंग’मध्ये रागाचा सूर नाही, आपण तो शब्द उचलला आणि त्यात आपलं भरलं. ‘क्यूलॉते’च्या सगळ्यात जवळचा मराठी शब्द आमच्या मते हाच.

मग ‘क्यूलॉते’चा शब्दशः अर्थ ‘चड्डी घातलेला’ असा आहे का?
— वाचक, नाशिक

‘क्यूलॉत’पासून ‘क्यूलॉते’ क्रियापद होतं, अर्थ तुमान घालणं, आणि त्याचं भूतकाळी विशेषण ‘तुमान घातलेला’. तो अर्थ खरा आहे, पण धीटपणा त्या वाटेनं आलेला नाही. तो ‘क्यूलो’ या दुसऱ्या नामावरून आला, आणि मागच्या अंकातली चूक हीच होती.

‘क्यू’ म्हणजे ढुंगण, लॅटिन ‘कूलुस’वरून. त्याची दोन पिल्लं. ढुंगण झाकते ती ‘क्यूलॉत’. आणि कुठल्याही वस्तूचा बूड तो ‘क्यूलो’. काडतुसाचं पितळी बूड ‘क्यूलो’. विजेच्या दिव्याचं धातूचं टोक ‘क्यूलो’; फ्रान्समधल्या बल्बच्या खोक्यावर हा शब्द दिसला तर धीटपणा शोधू नका, तो दिवा आट्यांचा आहे की आपल्याकडे असतो तसा दोन खुंट्यांचा, एवढंच तिथे सांगितलेलं असतं. घरट्यात सगळ्यात शेवटी फुटलेलं पिल्लू ‘क्यूलो’, आणि घरातलं शेंडेफळही ‘क्यूलो’. पाइपच्या तळाशी साचलेला तंबाखूचा चिकटाही ‘क्यूलो’.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बोलीभाषेत ‘क्यूलो असणं’ म्हणजे निगरगट्ट आत्मविश्वास असणं असा अर्थ रुळला. बूड पक्कं असलेला माणूस हलत नाही, असा तो विचार समजायला हरकत नाही. त्याला प्रत्यय लागून ‘क्यूलॉते’ झालं. उच्चार आणि लेखन मात्र तुमानवाल्या शब्दासारखंच, त्यामुळे आज फ्रेंच माणसाच्या कानाला दोन्ही एकच वाटतात, आणि जाहिरातवाले त्यावर कोट्या करतात. मूळ वेगळं, पण आजी एकच.

हिंमत शरीरात कुठे राहते याबद्दल भाषांचं एकमत नाही. इंग्रजीत ती गालात, आतड्यात, नसांत. आपल्याकडे छातीत आणि जिगरमध्ये. फ्रेंचांनी ती बुडाशी ठेवली.

शब्द नेमका कसा उच्चारायचा? आणि भाषांतराचं यंत्र मला सारखं अंतर्वस्त्र दाखवतं, ते का?
— वाचक, ठाणे

दुसऱ्याचं उत्तर आधी. शेवटच्या ‘ई’ या रोमन अक्षरावर उजवीकडून खाली उतरणारी तिरपी रेघ हवी. रेघ नसली की तो शब्द ‘क्यूलॉत’, म्हणजे बायकांची निकर. भारतीय कळफलकावरून टाइप करताना ती रेघ राहून जाते आणि यंत्र प्रामाणिकपणे चड्डी दाखवतं. मोबाइलवर ‘ई’ दाबून धरा, पर्याय वर येतात. जुन्या मथळ्यांत मोठ्या लिपीत रेघा गाळलेल्या असतात. तिथे वाक्यावरूनच ओळखावं लागतं.

उच्चारात अडचण एकाच स्वराची. ‘क्यू’ आपण देवनागरीत नाइलाजानं लिहितो. तिथे ‘य’ नाही. ओठांचा चंबू ‘ऊ’ म्हणताना होतो तसा करा, तो न हलवता तोंडाच्या आत ‘ई’ म्हणा. आवाज दोन्हींच्या मधला येईल, तोच बरोबर. मग ‘लॉ’, मग ‘ते’ आखूड. ‘तेए’ असं ओढू नका. ‘क्यूलॉत’मध्ये शेवटचा ‘त’ ऐकू येतो, ‘क्यूलो’मध्ये ‘टी’ लिहिलेला असूनही मुका. पुल्लिंग, स्त्रीलिंग, एकवचन, अनेकवचन या चारही रूपांचा उच्चार एकच आहे, लेखन वेगळं. श्रुतलेखनात गुण जातात ते इथेच.

फ्रेंच राज्यक्रांतीतल्या ‘सां-क्यूलॉत’ लोकांना हे नाव का पडलं? ते खरंच अर्धनग्न होते का?
— इतिहासाचे शिक्षक, कोल्हापूर

अजिबात नाही. ‘सां’ म्हणजे ‘विना’. पण इथली ‘क्यूलॉत’ आजची चड्डी नव्हे. गुडघ्यापर्यंत येणारी, खाली बंदानं आवळलेली तुमान, जिच्याखाली सरदार आणि श्रीमंत लोक रेशमी मोजे घालत. पॅरिसचे कारागीर, छोटे दुकानदार, मजूर घोट्यापर्यंतची लांब विजार घालत. त्या कपड्यावरून त्यांना हिणवलं गेलं आणि त्यांनी ते नाव मिरवायला घेतलं. क्रांतीच्या नव्या पंचांगात तीस-तीस दिवसांचे बारा महिने झाल्यावर वर्षअखेर पाच दिवस उरत, लीप वर्षात सहा. त्या दिवसांना काही काळ ‘सां-क्यूलॉतीद’ म्हणत. हिणवण्याचा शब्द थेट पंचांगात गेला.

इंग्रजीत भाषांतर करताना हा शब्द तसाच ठेवतात. ‘विदाउट ब्रीचेस’ असं फोडून लिहिलं की तुमच्यासारखाच प्रश्न वाचकाला पडतो. लिहायचंच तर एकदा ‘गुडघ्याची तुमान न घालणारे’ असा खुलासा द्या आणि पुढे मूळ शब्द वापरा.

याच काळातली एक गोष्ट कपडा आणि धाडस यांचा खरा सांधा दाखवते, म्हणून प्रश्नाबाहेर जाऊन सांगतो. लांब विजार पुरुषांना समतेची खूण झाली, बायकांना ती बंद झाली. ७ नोव्हेंबर १८०० च्या पॅरिस पोलिसांच्या हुकमानुसार पुरुषी पोशाख करायचा असेल तर बाईनं पोलीस कचेरीत जाऊन परवाना काढायचा, तोही प्रकृतीचं कारण दाखवून. जनावरांची चित्रं काढणाऱ्या रोझा बोनर बाजारात, कत्तलखान्यात जाऊन अभ्यास करत. त्यांनी असा परवाना काढला होता. १८५७ चा त्यांचा परवाना सहा महिन्यांचा आहे आणि त्यात नाटक, नाच, सार्वजनिक समारंभ इथे हा पोशाख करू नये अशी अट आहे. १८९२ आणि १९०९ मध्ये सवलत मिळाली : हातात सायकलचं हँडल किंवा घोड्याचा लगाम असेल तर चालेल. हुकूम रद्दबातल झाला आहे असं सरकारनं स्पष्ट सांगितलं ते ३१ जानेवारी २०१३ रोजी.

म्हणून ‘पॉर्ते ला क्यूलॉत’, शब्दशः तुमान घालणं, म्हणजे घरात बायकोची सत्ता चालणं, या वाक्प्रचारामागे नुसती थट्टा नाही. इंग्रजीत तो सरळ बसतो : ब्रिटनमध्ये ‘टू वेअर द ट्राउझर्स’, अमेरिकेत ‘पँट्स’.

फ्रेंच पाककृतीत ‘क्यूलॉते’ केलेला तवा घ्या असं लिहिलं आहे. हा धीट तवा म्हणजे काय?
— वाचक, मडगाव

इथे हा शब्द पाइपच्या तळाशी साचणाऱ्या चिकट्यावरून आला. नवा पाइप थोडा थोडा ओढून आत काजळीचा पातळ थर बसवायचा, त्याला ‘क्यूलॉते’ करणं म्हणतात. तेच क्रियापद लोखंडी भांड्यांना लागलं. इंग्रजीत ‘सीझन्ड’, आपल्याकडे मुरलेला तवा. मराठीत माणूसही मुरलेला असतो आणि इंग्रजीतही ‘सीझन्ड’ असतो, पण फ्रेंचमध्ये माणसाला ‘क्यूलॉते’ म्हटलं तर तो अनुभवी होत नाही, आगाऊ होतो. ही गल्लत टाळा.

कृती अशी. नव्या तव्यावर गंज येऊ नये म्हणून लावलेला थर गरम पाणी आणि साबणानं घासून काढा. साबण पुन्हा सहसा वापरायचा नाही. तवा विस्तवावर ठेवून पूर्ण कोरडा करा. २६ सेंटिमीटरच्या तव्याला एक चहाचा चमचा तेल पुरे. ते सगळीकडे, कडांनाही चोळा आणि मग कोरड्या फडक्यानं पुसून टाका, जणू चुकून लागलं होतं. मध्यम आचेवर धूर येईपर्यंत तापवा, दोन-तीन मिनिटं तसंच ठेवा, निववा. हे तीन-चार वेळा. रंग आधी पिवळट, मग तपकिरी होतो.

चुकतं ते पुसण्यात. तेल जास्त राहिलं तर ते कडक होण्याऐवजी अर्धवट घट्ट होतं आणि तवा चिकट, राळेसारखा लागतो. तसं झालं तर घासून पुन्हा पहिल्यापासून. टोमॅटो, चिंच, कोकम आणि वाइन हा थर खातात. त्यामुळे आंबट कालवणाला हा तवा नको.

दुकानात ‘क्यूलॉट्स’ नावाची सैल पँट मिळते. ती हीच का? घरी शिवता येते का?
— वाचक, डोंबिवली

शब्द तोच, कपडा वेगळा. इंग्रजीत ‘क्यूलॉट्स’ म्हणजे दोन पायांत विभागलेला घागरा. फ्रेंचमध्ये त्याला ‘ज्यूप-क्यूलॉत’ म्हणतात. पॅरिसच्या दुकानात नुसतं ‘क्यूलॉत’ मागितलं तर अंतर्वस्त्रांच्या विभागाकडे बोट दाखवतील. १९३१ च्या विम्बल्डनमध्ये स्पेनच्या लिली दि आल्व्हारेझ हा कपडा घालून उतरल्या, शिवणारी होती फॅशनकार एल्सा स्कियापारेली, आणि ब्रिटनमध्ये त्यावरून मोठी चर्चा झाली.

शिवताना सगळं यश आसनाच्या मापात. सपाट स्टुलावर बसा, कुशीला कंबरेपासून स्टुलापर्यंत माप घ्या आणि त्यात तीन-चार सेंटिमीटर मिळवा. नेहमीच्या पँटसारखं आसन ठेवलं तर कापड दोन पायांच्या मध्ये ओढलं जातं आणि घागऱ्याचा भास मोडतो. समोर मध्यभागी एक खोल प्लीट घाला, तिनं फट झाकली जाते. कापड पडणारं घ्या. ताठ सुती घेतलं तर दोन तंबू दिसतात.

क्रीडावार्तांमध्ये ‘देक्यूलॉते’ वाचलं. धीटपणा उतरला असं?
— वाचक, औरंगाबाद

अर्थ जवळपास तोच! ‘देक्यूलॉते’ हे नाम म्हणजे तुमान उतरवून खाल्लेला मार. संघ पाच-शून्यनं हरला की हा शब्द येतो. इंग्रजीत ‘थ्रॅशिंग’ किंवा ‘हॅमरिंग’, मराठीत धुव्वा. ‘स देक्यूलॉते’ हे क्रियापद वेगळं : आयत्या वेळी कच खाणं, इंग्रजीत ‘टू बॅक डाउन’. मराठीत धोतर सुटणं अगदी याच जागी बसतं. आणि ‘चड्डीत राहा’ ही आपली दमदाटी फ्रेंच माणसाला लगेच कळेल.

‘पानाश’ हा शब्दही कपडा आणि धाडस दोन्ही सांगतो. मग दोहोंत फरक काय?
— वाचक, इंदूर

‘पानाश’ म्हणजे शिरस्त्राणावरचा पिसांचा तुरा. १४ मार्च १५९० च्या इव्रीच्या लढाईत फ्रान्सचा राजा चौथा हेन्री यानं सैनिकांना ‘माझ्या पांढऱ्या तुऱ्यामागे या’ असं सांगितल्याची परंपरा आहे. २८ डिसेंबर १८९७ रोजी पॅरिसमध्ये एदमों रोस्तां यांचं ‘सिरानो द बेर्जराक’ हे नाटक आलं. मरणाऱ्या नायकाचा शेवटचा शब्द ‘पानाश’ आहे. इंग्रजीनं शब्द जसाच्या तसा उचलला.

फरक असा की पानाशला प्रेक्षक लागतो आणि क्यूलॉतेला समोर कोणीतरी अडवणारा लागतो. हरतानाही ऐटीत हरणारा पहिला. जिथे बोलावलेलं नाही तिथे खुर्ची ओढून बसणारा दुसरा. पानाशमध्ये निंदा जवळजवळ नसते, म्हणून ‘क्यूलॉते’चं इंग्रजी ‘विथ पनॅश’ करू नका, अर्धा शब्द हरवतो. मराठीत तुरा मानाचाच असतो, त्यामुळे इथे अनुवाद सोपा जातो.

आणि पुन्हा ती तिरपी रेघ. ‘पानाश’च्या शेवटच्या अक्षरावर ती चढली की ‘पानाशे’ होतं, अर्थ मिसळलेला. फ्रान्सच्या कॅफेत ‘अँ पानाशे’ मागितलंत तर बिअरमध्ये गोड लेमोनेड घालून मिळेल.